तगाई आणि तवानगी

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींना एक अनुभव वारंवार येतो. मुलूख बदलला की भाषा बदलते, पोशाख बदलतो, जेवणातले पदार्थ बदलतात. परंतु महसूल खात्याच्या कचेरीत पाऊल टाकले की निम्मे शब्द ओळखीचे निघतात. असाच एक शब्द म्हणजे तकावी. हिंदी मुलखात तो तकावी आहे, गुजराथेत तगावी, तमिळ मुलखात तक्कावी आणि आमच्याकडे तगाई. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला बी, बैल किंवा विहीर यांसाठी सरकारने दिलेली आगाऊ रक्कम, असा त्याचा अर्थ सर्वत्र एकच आहे. शब्द मूळचा अरबी. ज्या धातूपासून आपला 'कुवत' हा शब्द आला, त्याच धातूपासून हाही आला. तकावी म्हणजे बळ देणे. मराठी कुणब्याच्या तोंडी तिची तगाई झाली आणि तीत 'तगणे' हे आपले क्रियापद ऐकू येऊ लागले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते खरे नसेल. अर्थाच्या दृष्टीने मात्र अगदी खरे आहे.

या शब्दाचा इतिहास पाहावा असे आम्हास वाटले, त्याला एक खाजगी कारणही आहे. ते ओघाने येईल.

मराठी कागदपत्रांत या विषयावरचा सर्वांत बोलका कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र. हे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. पण ते सरकारी नोकराच्या दृष्टीने वाचले तर त्यातून वेगळाच बोध होतो. पत्र रयतेला लिहिलेले नाही. ते एका अधिकाऱ्याला लिहिलेले आहे. आरंभीच, इमानाने काम करीन अशी जी शपथ त्याने घेतली होती तिची आठवण त्याला करून दिली आहे. मग कामाचा क्रम सांगितला आहे. कचेरीत बसून अर्जांची वाट पाहावयाची नाही. स्वतः गावोगाव फिरावयाचे. ज्या गावी जावे तेथले कुणबी गोळा करावे. कोणाजवळ माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती, हे पाहून ज्याला जेवढे झेपेल तेवढी जमीन त्याच्याकडून करवावी. एखाद्याच्या अंगी शेत करण्याची कुवत आहे, घरात माणूस आहे, पण बैल, नांगर आणि पोटाला दाणे नाहीत म्हणून तो अडून बसला असेल, तर त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावे आणि पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. दिलेल्या पैशावर वाढीदिढी करावयाची नाही. मुद्दल तेवढे परत घ्यावयाचे, तेही हळूहळू, त्याच्या तवानगीच्या मानाने. तवानगी आली नसेल तर ती येईपर्यंत त्याला सांभाळून घ्यावयाचे. या कामी दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही महाराजांनी कळविले आहे. मागची बाकी कुळाला झेपणारी नसेल तर ती हुजूर समजवावी, माफी मिळेल, अशीही तजवीज त्यात आहे.

'तवानगी' हा शब्द फारसी. त्याचाही अर्थ बळच. म्हणजे कुवत, तकावी आणि तवानगी हे तिन्ही शब्द एकाच कल्पनेभोवती फिरतात. रक्कम देताना पाहावयाची ती कुवत, आणि परत घेताना पाहावयाची ती तवानगी. या दोहोंमध्ये तारीख कोठेच नाही. हप्ता अमुक महिन्याच्या अमुक दिवशी असे पत्र म्हणत नाही. शेतकऱ्याच्या अंगी बळ आले की तो दिवस, असे म्हणते. आता, शेतकऱ्याच्या अंगी बळ आले की नाही हे ठरवावयाचे कोणी? तर गावोगाव फिरलेल्या त्या सुभेदाराने. म्हणून त्याची शपथ आणि त्याचे पाय या दोन गोष्टींवर ही सारी योजना उभी होती.

तिची दुर्बलताही तेथेच होती. माणूस चांगला असेल तोवर ती चाले. पेशवाईच्या दप्तरांत कौल, इस्तावा, सूट आणि तगाई यांचे हुकूम जागोजाग आढळतात. ओसाड जमीन लावणाऱ्याला पहिली वर्षे हलका सारा आणि पुढे पायरीपायरीने पूर्ण सारा, हा इस्ताव्याचा नियम सर्वांना मानवणारा होता. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या आणि चित्र पालटले. १८०२ ते १८०४ या काळात होळकरांच्या फौजांची धूळधाण आणि तिच्या पाठोपाठ दुष्काळ अशी दुहेरी आपत्ती दख्खनवर कोसळली होती. अशा वेळी तगाई देणार कोण? जो मक्तेदार पुढच्या साली त्या जागी असेल की नाही याचीच शाश्वती नाही, तो दोन वर्षांनी येणाऱ्या पिकासाठी आज बैल कशाला देईल? संकटात रयतेला पैसा देण्याची बुद्धी केवळ दयेतून येत नाही. पुढच्या सालाशी आपला संबंध आहे ही जाणीव तिच्या मुळाशी असावी लागते. मक्तेदाराला ती नव्हती.

१८१८ नंतर इंग्रजांचे राज्य आले. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पाहणी केली, तिच्यावर मुंबई इलाख्याची रयतवारी उभी राहिली. जमिनीची प्रतवारी, ठरावीक मुदतीचा सारा, रोख वसुली, प्रत्येक खातेदाराचा सरकारशी थेट संबंध, ही व्यवस्था मक्तेदारीपेक्षा निःसंशय चांगली होती. परंतु तिच्या पोटी एक गृहीत होते. सारा सरासरीने बसविलेला आहे, सुगीच्या सालात शेतकऱ्याने शिल्लक ठेवावी आणि वाईट सालात तीतून सारा भरावा; मग सूट कशाला हवी? कागदावर हे गणित बिनतोड होते. पण ज्या मुलखात तीन सालांत एक साल पाऊस दगा देतो, तेथे कुणब्याजवळ शिल्लक राहत नाही. राहतो तो सावकाराचा कागद. सरकारचा हप्ता ठरल्या दिवशी भरला जाई तो शिलकीतून नव्हे, सावकाराच्या पेटीतून.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या खतांवर अधिक होता. कागद हाती आला की तो जाळावयाचा, असाच प्रकार बहुतेक ठिकाणी झाला. चौकशीसाठी कमिशन बसले. त्यातील एक सभासद ऑकलंड कॉल्विन यांनी वेगळे टिपण जोडून साऱ्याच्या ताठर वसुलीकडे बोट दाखविले. एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याच सरकारच्या व्यवस्थेविषयी असे लिहावे, हे आम्हास उल्लेखनीय वाटते.

दंग्याची राख निवते न निवते तोच १८७६ चा दुष्काळ आला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून रिचर्ड टेंपल १८७७ च्या आरंभी फिरतीवर निघाले आणि काटकसरीसाठी दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारून कामे सोडली. सार्वजनिक सभेने त्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविला. पुढे १८८० साली स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशनचा अहवाल आला. दुष्काळात काय करावयाचे हे आयत्या वेळी ठरविण्याची गोष्ट नव्हे, त्याचे नियम अगोदर लिहून ठेवले पाहिजेत, हे तत्त्व त्या अहवालाने प्रस्थापित केले. त्यातून दुष्काळ संहिता जन्मास आल्या. पाठोपाठ १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा, असे दोन कायदे झाले. पहिला विहिरी, ताली, बांध यांच्यासाठी. दुसरा बी, बैल आणि संकटनिवारण यांच्यासाठी. तगाईला कायद्याचे निश्चित रूप आले.

येथे एक फरक नमूद केला पाहिजे. १६७६ च्या पत्रातली तगाई तवानगी येईपर्यंत थांबत होती. १८८४ च्या कायद्याची तगाई सरकारी साऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल होत होती. म्हणजे हप्ता चुकला तर साऱ्यासाठी होणारी जप्ती तगाईसाठीही होऊ शके. सावकाराला व्याज अधिक द्यावे लागे, पण तो थांबे. सरकारला व्याज थोडे, पण सरकार थांबत नसे. शिवाय अर्ज मामलेदाराकडे, चौकशी कुलकर्ण्याकडे, तारण जमिनीचे, जामीन शेजाऱ्याचा, दाखला आणखी कोणाचा, अशी वाट चालून रक्कम हाती येईपर्यंत मृग उलटून जाई. वाटेत प्रत्येक थांब्यावर काहीतरी ठेवावे लागे ते निराळेच. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच सुमारास. कनिष्ठ कामगारवर्ग शेतकऱ्याला कसा नाडतो, याविषयीचा त्यांचा संताप आमच्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्यांना सुखाचा वाटणार नाही. पण म्हणूनच तो आम्ही पुन्हा पुन्हा वाचला पाहिजे.

१८९६ च्या दुष्काळात या विषयाला नवे वळण लागले. नियम लिहिलेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि कचेरीत होते. टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या द्वारे ते मराठीत रयतेपुढे ठेवले. पीक बुडाले असेल तर सूट किंवा तहकुबी मागणे ही भीक नव्हे, सरकारच्याच नियमांनी दिलेला तो हक्क आहे. सारा भरण्यासाठी कर्ज काढू नका, बैल विकू नका, असे गावोगाव सांगण्यात आले. सभेच्या प्रचारकांवर खटले भरले गेले आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारचे स्वतःचे नियम सरकारच्याच प्रजेला समजावून सांगणे हा अपराध ठरला. सवलत देणे सरकारला तितकेसे अवघड वाटत नसते. ती हक्क म्हणून मागितली गेली की अवघड वाटू लागते.

तरीही या धक्क्यांचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. छप्पनच्या भयंकर दुष्काळानंतर, म्हणजे १९०१ साली, मॅकडोनेल कमिशनने जो अहवाल दिला, त्यात तगाई आणि साऱ्याची तहकुबी या गोष्टी संकटाच्या आरंभीच जाहीर कराव्यात, लोकांना धीर द्यावा, खचलेल्या माणसाला मागाहून उभे करण्यापेक्षा तो खचण्यापूर्वीच हात द्यावा, असा आग्रह धरला. त्याच दुष्काळात बडोद्याचे सयाजीराव महाराज आपल्या राज्यातील दुष्काळी मुलखात स्वतः फिरले आणि त्या दौऱ्याची टिपणे १९०१ साली छापून प्रसिद्ध झाली. कमिशन जे तत्त्व म्हणून मांडीत होते ते एक संस्थानिक प्रत्यक्ष पाहून लिहीत होता, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे.

नियम आले, आता प्रश्न उरला मोजमापाचा. पीक सोळा आणे धरून त्यातले किती आणे आले हे ठरवावयाचे, तिला आणेवारी म्हणत. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांपर्यंतच आले तर त्या सालचा सारा तहकूब होई. १९१७ साली अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील पीक गेले. शेतकरी म्हणत, चार आण्यांहून कमी. अधिकारी म्हणत, अधिक. भारत सेवक समाजाच्या वतीने गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी तेथे जाऊन चौकशी केली. मार्च १९१८ मध्ये गांधींनी सत्याग्रह पुकारला तो या आण्यांच्या वादातून. एखाद्या तलाठ्याने बांधावर उभे राहून मारलेल्या अंदाजावर जिल्ह्याची शांतता अवलंबून असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. पुढे १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. बांधावरचा अंदाज मात्र राहिला.

स्वातंत्र्यानंतर गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. १९५१-५२ च्या आकडेवारीवर आधारलेला तिचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे एक सभासद होते. शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सरकारचा वाटा शेकडा ३.३ आणि सहकारी संस्थांचा ३.१ एवढाच निघाला. पाऊणशे वर्षांच्या दोन कायद्यांचे, संहितांचे आणि कमिशनांचे हे फळ. तगाई अपुरी, उशिरा येणारी आणि नेमक्या गरजवंताला चुकविणारी आहे, असाच समितीचा निष्कर्ष होता.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळाले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला तारण नाही, त्या मजुरालाही संकटात सरकारकडून काही मागण्याचा हक्क आला. तगाईच्या सबंध इतिहासात हा माणूस कोठेच नव्हता. १८९६ साली जे सांगणे अपराध ठरले होते ते आता विधिमंडळाने स्वतःच कायद्यात लिहिले. २००५ साली देशानेही तसा कायदा केला.

आता ते खाजगी कारण. नोकरीच्या प्रारंभी आम्ही उत्तरेकडील एका जिल्ह्यात होतो. पुराने खरीप गेले होते आणि रब्बीच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांना मदत मंजूर झाली होती. एका भागाची यादी आमच्या टेबलावर आली. कित्येकांच्या बापाचे नाव जमिनीच्या कागदात एक प्रकारे आणि अर्जात दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते. आम्ही यादी दुरुस्तीसाठी परत पाठविली. नियमाप्रमाणे तेच योग्य होते. ती फिरून आली तेव्हा तीन आठवडे लोटले होते. वाटपाच्या दिवशी एका वृद्ध शेतकऱ्याने अंगठा उठविला, नोटा मोजल्या आणि तक्रारीचा सूरही न लावता सांगितले की, हरभरा तर पेरून झाला बाबूजी, बी महाजनाकडून आणले. आता हे त्याच्या व्याजाला होतील. हिशेब बिनचूक होता. लेखापरीक्षणात त्या यादीवर एकही आक्षेप निघाला नाही. सरकारने दिलेला पैसा आम्ही आमच्या हाताने सावकाराच्या घरी पोहोचविला होता, ही नोंद कोणत्याही रकान्यात बसत नव्हती. पुष्कळ वर्षांनी रामाजी अनंतांना लिहिलेले ते पत्र आम्ही सावकाश वाचले, तेव्हा आम्हास प्रथम तो वृद्धच आठवला. सुभेदाराला गावोगाव फिरावयास का सांगितले होते, ते त्या वेळी नीट उमगले. त्या गावी आम्ही एक दिवस जाऊन बसलो असतो, तर बापाच्या नावाचा घोळ एका दुपारी मिटला असता.

अलीकडच्या काळात रकमा वाढल्या आणि वाटाही जवळच्या झाल्या. २००८ साली केंद्राने सुमारे ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. महाराष्ट्राने २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आणि २०१९ साली महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने कर्जमाफीच्या योजना काढल्या. २०१९ पासून शेतकरी कुटुंबाच्या खात्यात वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत थेट जमा करण्याची केंद्राची योजना सुरू झाली. कुलकर्ण्याच्या दारापुढे ताटकळण्याची पाळी यामुळे पुष्कळ अंशी टळली, हे मान्य केले पाहिजे. परंतु २००८ च्या योजनेत बँका आणि सोसायट्या यांचेच कर्ज होते. ज्याचे देणे सावकाराचे, त्याला तीत काही मिळाले नाही. संपूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला; त्यामुळे विदर्भातला पाच-सहा एकरांचा कोरडवाहू धनी त्या रेषेच्या पलीकडे पडला. कोरडवाहू सहा एकर आणि बागायती सहा एकर यांत किती अंतर आहे, हे बांधावर गेलेल्याला सांगावे लागत नाही. तसेच सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही, तो खंडकरी आणि ती विधवा, यांच्यासाठी यादीत आजही सहसा जागा नसते.

शिवाय कर्जमाफी मागे पाहते आणि तगाई पुढे पाहते. झालेले देणे पुसल्याने मन हलके होते, पण पुढच्या पेरणीचे बी त्यातून येत नाही. १६७६ च्या पत्रात दोन्ही गोष्टी होत्या. न झेपणारी बाकी सोडण्याचीही आणि बैल देण्याचीही. महाराजांच्या आणि महात्म्यांच्या नावांनी योजना काढणाऱ्या सरकारांनी आणि त्या योजना राबविणाऱ्या आम्हा सर्वांनी, ते पत्र एकदा नियमावली म्हणून वाचावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

आपल्यापैकी कोणी आज ओरिसात असेल, कोणी राजस्थानात, कोणी आसामात. नुकसानीच्या याद्या तेथेही येतात आणि त्यांच्यावर आपल्या सह्या होतात. त्या शेतकऱ्यांची भाषा आपल्याला पुरती येत नसेल. त्यांची नक्षत्रे मात्र आपल्या आजोबांचीच आहेत. यादी टेबलावर आली की सही करण्यापूर्वी रकाने तपासावेत हे तर खरेच. पण त्याबरोबर तेथल्या पेरणीला किती दिवस उरले आहेत, हेही एकदा विचारावे. आम्ही ते त्या साली विचारले नव्हते.